सरांना आम्ही आवडत नाही

गेल्या डिसेंबरात एका पहाटे सव्वासहाला आमच्याकडचा फोन वाजला. अवेळी फोन वाजला की आमच्या वयाच्या माणसांच्या काळजात धस्स होते. ही हातातले चहाचे गाळणे तसेच घेऊन धावली. फोन थोरलीचा होता. थोरली अमेरिकेत एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती.

"आई, बाबांना दे," ती म्हणाली.

हे नवलच होते. तिचे बोलणे नेहमी आईशी चालते. माझ्या वाट्याला शेवटची दोन मिनिटे येतात; त्यांत मी "थंडी किती आहे?" आणि "तब्येत जपून अस" एवढे बोलून घेतो. त्या दिवशी मात्र फोन सरळ माझ्या हाती आला.

"बाबा, निकाल लागला."

"कुणाचा?"

"माझा."

तिच्या विद्यापीठात दर सत्राच्या अखेरीस विद्यार्थी आपल्या शिक्षकाला गुण देतात. नाव न लिहिता. विषय समजावून देण्याची हातोटी, वेळेचे भान, अडचणीला धावून येण्याची वृत्ती, असे एकेक प्रश्न असतात आणि प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे. खाली मोकळी जागा असते. तिथे मनात येईल ते लिहावे. थोरलीला पाचांपैकी साडेतीनच्या आसपास पडले होते. त्याचे तिला फारसे काही वाटले नव्हते. रडू आले होते ते मोकळ्या जागेतल्या एका वाक्याने. ते तिने मला इंग्रजीत वाचून दाखवले. त्याचा अर्थ असा : बाईंना विषय उत्तम येतो, पण आमच्याशी बाईंना काही कर्तव्य नाही.

"बाबा, मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यांचे पेपर तपासते हो. एकेकाला अर्धे पान सूचना लिहिते. आणि म्हणे कर्तव्य नाही!"

फोन कानाला लावून मी गप्प उभा राहिलो. कारण हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. वेगळ्या भाषेत, वेगळ्या अक्षरात, पण हेच वाक्य २००३ साली मी स्वतः वाचलेले होते, स्वतःविषयी. ते तिला तेव्हाच सांगितले असते तर तिला केवढा आधार वाटला असता! पण मी "होईल ग सगळे ठीक" असे काहीतरी पुटपुटलो आणि फोन हिच्या हाती दिला. ज्या खोडीविषयी हा लेख लिहायला बसलो आहे ती हीच.

गुरूची परीक्षा

निवृत्त माणसाजवळ वेळ भरपूर असतो. थोरलीचे सांत्वन करणे जमले नाही, तेव्हा निदान हा गुण देण्याचा प्रकार आहे तरी काय ते पाहावे म्हणून मी वाचायला बसलो. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट मोजायची म्हटली की पहिला प्रश्न पडतो तो मोजपट्टीचा. पट्टीच वाकडी असेल तर मापाला काय अर्थ?

शिष्यांनी गुरूचा हिशेब घेणे तसे जुनेच आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात तेराव्या शतकात विद्यार्थ्यांचाच संघ प्राध्यापकांना नेमत असे. प्राध्यापक उशिरा आला, किंवा ठरलेला भाग पुरा न करता पुढे पळाला, तर त्याला दंड होई. आपल्याकडे हे कुणी सुचवले असते तर काय झाले असते याची कल्पनाच करवत नाही.

आकडे घालून गुण देण्याची आजची पद्धत मात्र अमेरिकेतली आणि सुमारे शंभर वर्षांची. इंडियाना राज्यातल्या परड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९२७ साली शिक्षकांना गुण देण्याचे एक कोष्टकच छापले. हेतू सरळ होता : आपण कसे शिकवतो ते शिक्षकाला कळावे. पुढे १९६० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांच्या चळवळींनी जोर धरला तशी ही पद्धत देशभर पसरली, आणि शिक्षकाच्या आरशासाठी काढलेला कागद हळूहळू वरिष्ठांच्या टेबलावर गेला. कुणाला कायम करायचे, कुणाला बढती द्यायची, हे त्या आकड्यांवरून ठरू लागले. आरशाचा तराजू झाला. थोरलीचा जीव अर्धा झाला होता तो यासाठी. तिची नोकरी अजून कायम व्हायची आहे.

आता तराजू कसा आहे पाहा. १९७० साली कॅलिफोर्नियात एक मोठी गंमत झाली. वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित मंडळींसमोर, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्याचे शिक्षक अशा जाणत्या लोकांसमोर, डॉक्टर मायरन फॉक्स नावाच्या विद्वानाचे व्याख्यान ठेवण्यात आले. विषय भारदस्त : वैद्यांच्या शिक्षणात गणिती खेळ-सिद्धान्ताचा उपयोग. डॉक्टरसाहेब तासभर बोलले. हसवले, किस्से सांगितले, मग अर्धा तास प्रश्नांना उत्तरे दिली. श्रोते खूष झाले. व्याख्यानाने विचाराला चालना मिळाली, असे बहुतेकांनी लिहून दिले. पुढे त्याचे चित्रीकरण आणखी दोन गटांना दाखवले, तेही खूष. एकाने तर आपण या डॉक्टरांचे लेखन पूर्वी वाचल्याचे नमूद केले!

हे डॉक्टर फॉक्स म्हणजे मायकेल फॉक्स नावाचे एक नट होते. खेळ-सिद्धान्ताचे त्यांना ओ का ठो ठाऊक नव्हते. एक साधा लेख त्यांच्या हाती देऊन, त्यावरून मुद्दाम अर्थहीन, उलटसुलट विधानांनी भरलेले भाषण त्यांच्याकडून घोटवून घेतले होते. ज्या तिघा संशोधकांनी हा खेळ रचला त्यांनी १९७३ साली तो प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून प्राध्यापकांच्या बैठकीत गुणांचा विषय निघाला की कुणीतरी डॉक्टर फॉक्सचे नाव काढतोच. मला मात्र यात श्रोत्यांना हसण्यासारखे काही दिसले नाही. मीही टाळ्या वाजवल्या असत्या. चांगल्या वक्त्यांच्या सभेतून घरी आल्यावर "काय म्हणाले हो?" असे हिने विचारले की माझी कित्येकदा पंचाईत झाली आहे.

बाकीचे प्रयोग थोडक्यात सांगतो. जर्मनीत २०१८ साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना एका तासाला चॉकलेटची बिस्किटे ठेवली. त्यांनी शिक्षकाला तर जास्त गुण दिलेच, पण अभ्यासाचे साहित्यही त्यांना अधिक चांगले वाटले. बिस्किटे न मिळालेल्या गटाला वाटलेले साहित्य अगदी तेच होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या वर्गाला शिक्षकाचे तोंडही दिसत नाही अशा संगणकावरच्या वर्गात एका बाईंनी व एका गृहस्थांनी नावांची अदलाबदल केली. पुरुषाच्या नावाला गुण जास्त पडले, मग त्या नावामागे कुणी का असेना. विद्यार्थी थोडे होते, पण थोरलीच्या बापाला तो कागद बाजूला ठेवणे जड गेले. अमेरिकेच्या वायुदलाच्या अकादमीत विद्यार्थी कुणाच्या वर्गात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. तिथे असे आढळले की ज्या शिक्षकांना गुण जास्त, त्यांचे विद्यार्थी पुढच्या वर्षीच्या अवघड गणितात मागे पडत. आणि २०१९ साली हार्वर्डमध्ये, माझ्याच भौतिकशास्त्रात, दिसून आले की सुरेख व्याख्यान ऐकून मुलांना "आज पुष्कळ शिकलो" असे वाटते. स्वतः डोके खाजवून उदाहरणे सोडवली तर शिकणे होते अधिक, पण वाटते कमी. विद्यार्थी मनापासूनच गुण देतो, पण आपण किती शिकलो हे त्याचे त्यालाही नीट दिसत नाही.

टोरांटोच्या एका विद्यापीठाचा या गुणांवरून प्राध्यापकांशी वाद झाला तेव्हा लवादाने २०१८ साली निर्णय दिला की शिकवण्याची परिणामकारकता ठरवून बढती देण्यासाठी हे आकडे वापरू नयेत. हे मी थोरलीला उत्साहाने कळवले. तिने एवढेच विचारले, "आमच्याकडे कधी होणार?"

अर्ध्या मिनिटात

या सगळ्यात मला गुंतवून ठेवणारा प्रयोग आपल्याच मातीतल्या एका बाईंचा निघाला. नलिनी अंबाडी १९५९ साली कोलकात्यात जन्मल्या, दिल्लीला शिकल्या आणि हार्वर्डला मानसशास्त्रात संशोधन करायला गेल्या. तिथे त्यांनी व त्यांचे गुरू रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १३ तरुण शिक्षकांची चित्रफीत घेतली, प्रत्येकाचे दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे काढले, आवाज बंद केला आणि ते ओळखदेख नसलेल्या लोकांना दाखवले. हा माणूस आस्थेवाईक वाटतो का, आत्मविश्वासाचा वाटतो का, एवढेच विचारले. अर्ध्या मिनिटाच्या मूकपटावरून परक्यांनी दिलेले गुण आणि सबंध सत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांनी शेवटी दिलेले गुण बरेचसे जुळले! पुढे तुकडे दोन-दोन सेकंदांचे केले, तरी पुष्कळसे तेच. हे १९९३ साली छापून आले. अंबाडीबाई २०१३ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांना जुळणारी अस्थिमज्जा मिळावी म्हणून जगभरच्या भारतीयांमध्ये शोध चालला होता, तो फळाला आला नाही.

हा प्रयोग वाचून मी बराच वेळ खिडकीशी बसलो. म्हणजे चार महिने घसा फोडून शिकवायचे, आणि निकाल लागतो तो अर्ध्या मिनिटात, तोही न बोलता! त्या अर्ध्या मिनिटात मी काय करीत असे? वर्गात येऊन, हजेरीपट ठेवून, डस्टरने फळा पुसायला वर्गाकडे पाठ फिरवीत असे.

आता माझी गोष्ट सांगतो.

एक अनुस्वार

बेंगळूरला १९९४ साली नॅक ही संस्था स्थापन झाली आणि महाविद्यालयांची तपासणी होऊन त्यांना श्रेणी मिळू लागली, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तपासणीच्या कागदांत विद्यार्थ्यांचे अभिप्रायही लागतात. आमच्या महाविद्यालयात २००३ साली प्रथमच असे अभिप्राय लिहून घेतले. आमचे विभागप्रमुख सज्जन होते. ज्याचे त्याला कागद एका रात्रीपुरते घरी नेऊन वाचू द्यायचे आणि मग कचेरीत जमा करायचे, असे त्यांनी ठरवले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी गठ्ठा सोडला. मनातून मी निर्धास्त होतो. चोवीस वर्षे शिकवीत होतो. मुलांवर माझा जीव होता. रविवार-रविवार बसून मी प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या आकृत्या नव्याने काढीत असे. पन्नासच्या पन्नास मुलांची नावे मला पहिल्या महिन्यात पाठ होत. एका वर्षी एका मुलाची परीक्षा-फी मी गुपचूप भरली होती. हे सगळे त्यांना दिसत नसेल? दिसणारच, असे मी धरून चाललो होतो.

गुण बरे होते. फळ्यावरचे अक्षर, वक्तशीरपणा, यांत तर पाचाच्या खाली कुणी आले नव्हते. आणि मग मोकळ्या जागेत, निळ्या शाईत, मराठीत एक ओळ : "सरांना विषय आवडतो. आम्ही आवडत नाही."

मी तो कागद हिला दाखवला. तिने तो वाचला आणि हसू दाबत म्हणाली, "मग काय चुकले? अहो, तुम्ही हसता ते फळ्याकडे बघून."

इथवर ठीक होते. येथून पुढे मी जे केले ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी ते अक्षर शोधायला निघालो. "सरांना" या शब्दावर अनुस्वार होता, आणि लिहिणाऱ्याने टिंबाऐवजी एक लहानसे वर्तुळ काढले होते. प्रयोगवह्यांचा गठ्ठा तपासायला घरी आलेलाच होता. वह्या इंग्रजीत, पण इंग्रजी 'आय'वरही टिंब असतेच. चाळता चाळता एका वहीत प्रत्येक 'आय'वर असे वर्तुळ सापडले. वही तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाची होती. हुशार, पण तासाला सारखा खिडकीबाहेर पाहणारा. मला वाटले, सापडला!

एका वर्तुळावर मी निकाल दिला. ज्या माणसाने जन्मभर मुलांना शिकवले की एका वाचनावर निष्कर्ष काढू नका, निदान पाच वाचने घ्या, त्याने एकच वाचन घेतले.

त्या दिवसापासून मी त्या मुलाशी तुटक वागू लागलो. प्रश्न विचारताना त्याला वगळले. शंका घेऊन आला तर उत्तर दिले, पण मोजके. ही शिक्षा त्याला कळत असेल, तो मनात जळत असेल, अशी माझी खात्री होती. आणि वर्षअखेर तो माझ्याकडे शिफारसपत्र मागायला आला. बाहेरच्या एका नामांकित संस्थेत त्याला पुढे शिकायचे होते. मी पत्र दिले. तीन ओळींचे. विद्यार्थी नियमित आहे, गुण अमुक आहेत, वर्तणूक चांगली आहे. अशी पत्रे वाचण्याची ज्यांना सवय आहे त्यांना अशा तीन ओळींचा अर्थ बरोबर कळतो. लिफाफा मी बंद करून त्याच्या हाती दिला. "थँक यू, सर," म्हणून तो गेला.

टकटक

मनातले बाहेर किती दिसते, यावर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी मोठे मजेदार प्रयोग केले आहेत. स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने १९९० साली आपल्या प्रबंधासाठी लोकांना ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायला सांगितले. समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन.

मी हा प्रयोग घरी केला. धाकट्याच्या मुलाला समोर बसवून गणपतीची आरती टेबलावर वाजवली. माझ्या कानात झांजा, टाळ, गुलाल, सगळे होते. "ओळख बरे," म्हटले. नातवाने विचार करून सांगितले, "दार वाजतेय." दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा ही स्वयंपाकघरातून खरोखरच दार उघडायला गेली.

दुसरा प्रयोग कॉर्नेल विद्यापीठातला, १९९८ सालचा. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना पाच पेले सरबत प्यायला दिले. चार गोड, एक अगदी घाणेरड्या चवीचा. चेहरा मुळीच बदलू द्यायचा नाही असे बजावले आणि ते चित्रित केले. पिणाऱ्यांना वाटले, निम्म्या प्रेक्षकांना तरी आपला वाईट पेला कळेल. कळला त्याहून बऱ्याच कमी लोकांना. खोटे बोलणाऱ्यांचेही तसेच. आपले खोटे चेहऱ्यावर लखलखीत उमटले आहे असे त्यांना वाटे. समोरच्याला गंध नसे. या शास्त्रज्ञांनी या प्रकाराला पारदर्शकतेचा भास असे नाव दिले आहे. आपण स्वतःला काचेचे समजतो. असतो मात्र मातीच्या माठासारखे. आत पाणी किती आहे ते बाहेरून कळायला माठ वाजवून पाहावा लागतो.

हे ज्ञान उपयोगीही पडते बरे का! सावित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली भाषणाला घाबरणाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना आधीच समजावून सांगितले की तुमची धडधड तुम्हाला ऐकू येते तेवढी समोरच्यांना दिसत नाही. नुसते एवढे कळल्यावर त्यांची भाषणे अधिक चांगली झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते. "घाबरू नका" असे सांगितलेल्यांना तेवढा फायदा झाला नाही. मला तीस वर्षे "घाबरू नका" हेच सांगता येत होते.

आणि आपल्या ताटातले तेवढे आपल्याला दिसते, समोरच्याचे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन अनोळखी माणसांना गप्पा मारायला बसवले. उठल्यावर प्रत्येकाला विचारले, तुम्हाला तो कसा वाटला, आणि तुम्ही त्याला कसे वाटला असाल? बहुतेकांना समोरचा आवडला होता आणि आपण मात्र त्याला तितकेसे आवडलो नसू असे वाटत होते. दोघांनाही!

आइस्क्रीमच्या रांगेत

२०१७ साली, मी निवृत्त झाल्यावर, एका लग्नात आइस्क्रीमच्या रांगेत कुणीतरी माझ्या पायांना हात लावला. वर पाहतो तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा. केस विरळ झालेले, कडेवर छोकरी. हवामानखात्यात आहे म्हणाला. त्या नामांकित संस्थेचे काय झाले, असे मी विचारले नाही, त्यानेच सांगितले. "तिथे काही जमले नाही, सर. मुलाखतीलाही बोलावले नाही. पण तुम्ही पत्र दिलेत त्याचा तेव्हा फार आधार वाटला होता."

माझ्या हातातले आइस्क्रीम वितळायला लागले. मी आडून विचारले, "तुमच्या वर्गाकडून एकदा अभिप्रायाचे कागद लिहून घेतले होते बघ. आठवतात?"

"ऐकले होते, सर. पण मी नव्हतो त्या दिवशी. ताईचे लग्न होते ना, कऱ्हाडला. आठवडाभर दांडी होती माझी."

हजेरीपट माझ्याच टेबलाच्या खणात होता. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी खण उघडून पाहिले असते तरी पुरे होते.

तरीही मला शेवटचे एक विचारल्याशिवाय राहवेना. म्हटले, "त्या वर्षी मी तुझ्याशी जरा तुटक वागत होतो. तुला वाईट वाटले असेल."

तो गोंधळला. खरोखरच आठवून पाहत होता बिचारा. मग हसून म्हणाला, "तुटक? छे हो सर! तुम्ही तर सगळ्यांशीच तसे असायचात."

माझे प्रेम वर्गाला दिसले नाही आणि माझा राग त्याला दिसला नाही. दोन्ही मी पाठ फिरवून फळ्यालाच दाखवले असावेत. मी अचूक वाचला गेलो तो फक्त त्या तीन ओळींत, आणि तेही ज्याने वाचायला नको होते त्याच्याकडून. त्या मुलाला मी हे सांगितले नाही. रांग पुढे सरकली, छोकरीला स्ट्रॉबेरी हवी होती, तो नमस्कार करून गेला. तो हा अंक घेतो की नाही मला ठाऊक नाही. घेत असेल तर त्याला आता कळेल.

ती ओळ कुणी लिहिली ते मला कधीच समजले नाही. पुढे उत्तरपत्रिका तपासताना पाहिले, तर टिंबाच्या जागी वर्तुळ काढणारी निदान डझनभर मुले-मुली प्रत्येक वर्गात होती.

जानेवारीतला रविवार

हे सगळे वाचून आणि आठवून झाल्यावर, जानेवारीत एका रविवारी मी आपण होऊन थोरलीला फोन लावला. ही चकित होऊन शेजारी येऊन बसली. मी थोरलीला निळ्या शाईतली ओळ सांगितली, मुलाची गोष्ट सांगितली, तीन ओळींचे पत्रही सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. लाइन तुटली की काय म्हणून मी दोनदा "हॅलो, हॅलो" केले.

मग ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? रागावू नका. बारावीला मला गणितात कमी पडले तेव्हा तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता."

ते आठ दिवस मला चांगले आठवत होते. पोरगी खचली आहे, आपण विषय काढला तर तिच्या डोळ्यांत पाणी येईल, म्हणून मी तिच्या वाटेला जात नव्हतो. रात्री ती झोपली की उठून तिच्या खोलीतला दिवा मालवून येत होतो. कुठे प्रवेश मिळेल याची चौकशी करीत दुपारभर उन्हातून हिंडत होतो.

"अग, मी रागावलो नव्हतो," मी म्हटले. "तुला त्रास होऊ नये म्हणून गप्प होतो."

"ते मला कसे कळणार, बाबा?"

"मला वाटले, दिसतेच आहे."

यावर ती हसली की रडली हे मला फोनवरून ओळखता आले नाही, आणि आता मी अंदाज करायचे सोडून दिले आहे. मी विचारले. "दोन्ही," ती म्हणाली.

यंदा ऑगस्टमध्ये तिचे नवे सत्र सुरू झाले. पहिल्या दिवशी तिने वर्गाला सरळ सांगून टाकले : विचार करताना माझा चेहरा रागावल्यासारखा दिसतो, तो वडिलांकडून आला आहे, मी रागावलेली नसते, तुमचे पेपर मी रात्री जागून वाचते, कारण तुमचे काय चुकते ते मला जाणून घ्यायचे असते. सत्राच्या मध्यावर तिने चिठ्ठ्या लिहून घेतल्या. एकीत लिहिले होते, "सांगितलेत ते बरे केलेत. आम्ही घाबरलोच होतो." दुसरीत होते, "तुमच्या वडिलांना नमस्कार." तिसऱ्या एकाने गृहपाठ फार असतो अशी तक्रार केली आहे, ती रास्त असावी. सत्राचा खरा निकाल डिसेंबरात लागेल. साडेतीनाचे काय होते ते पाहायचे.

परवा हिने अनारसे केले. पहिला घाणा ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवला आणि उभी राहिली. मी खाल्ला, मान डोलावली, वर्तमानपत्र उचलले.

"ते मान डोलावणे पुरे झाले," ही म्हणाली. "तोंडाने सांगा."

"छान झालेत," मी म्हटले.

"पाचांपैकी किती?"

मी सांगितले. आकडा घरातला आहे. तो इथे छापायला देत नाही.